शिधा गावी, विद्यार्थी जयपूरला

2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला धान्याचा हक्क कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर नोंदला जातो; प्राधान्य गटातील कुटुंबास त्यानुसार दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. मात्र शाळेतले दुपारचे जेवण आठवीपाशी थांबते, आणि करौली किंवा बाडमेरहून जयपूरला शिकायला आलेल्या तरुणाच्या नावचे धान्य बहुधा गावीच उचलले जाते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत आधारशी जोडलेला बोटाचा ठसा देऊन त्याला आपल्या वाट्याचे धान्य जयपुरातही घेता येते, परंतु भाड्याच्या खोलीत गहू दळून आणायचा, शेगडी आणि इंधन जमवायचे आणि तासिका सांभाळून पोळ्या लाटायच्या, हे अनेकांना जमण्यासारखे नसते.

त्यामुळे अशा विद्यार्थ्याला खरा आधार मिळतो तो शिजवलेल्या अन्नाचा. राजस्थानात 20 ऑगस्ट 2020 रोजी सुरू झालेल्या ‘इंदिरा रसोई’ योजनेत, जिचे नाव 2024 मध्ये ‘श्री अन्नपूर्णा रसोई’ झाले, 8 रुपयांत ताट मिळते आणि उरलेला खर्च राज्य सरकार अनुदान म्हणून सोसते. नामांतराबरोबर ताटाचे वजन 600 ग्रॅम ठरले, ज्यात 300 ग्रॅम पोळ्या, डाळ, भाजी, भात किंवा भरडधान्याची खिचडी आणि लोणचे येते. येथे शिधापत्रिका लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आणि परगावच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या योजनेचे सर्वांत मोठे मोल हेच आहे.

रोख मदतीचा मार्ग त्यामानाने अरुंद आहे. घरापासून दूर राहून सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्या मागास व दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राजस्थानने आणलेल्या आंबेडकर डीबीटी व्हाउचर योजनेत, म्हणजे थेट बँक खात्यात जमा होणाऱ्या साहाय्यात, महिन्याला 2,000 रुपये ठरवण्यात आले, आणि निवास, भोजन, वीज, पाणी हे सारे त्याच रकमेत बसवायचे होते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने आखलेल्या स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांकरिता भोजनभत्ता वर्षाला 32,000 रुपये असा स्वतंत्र धरलेला आहे. ही मांडणी अधिक न्याय्य आहे, कारण खोलीचे भाडे वाढले तरी जेवणासाठी ठरलेला आकडा हिशेबात वेगळा दिसत राहतो. जयपूरला अशी वेगळी तरतूद हवी, आणि तिच्या जोडीला महाविद्यालयांच्या आवारात रसोईची केंद्रेही हवीत.