रजा संपली, आता बाळ कुठे ठेवायचे?

बंगळूरच्या पीण्या, बोम्मनहळ्ळी भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रियाच आहेत. बाळंतपणाची रजा संपत आली, की त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहतो : बाळ कुणाकडे ठेवायचे? गावाकडच्या आजीकडे, की नोकरीच सोडायची?

भारतात १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ मध्ये ती २६ आठवडे झाली. पण दोन मुले असलेल्या स्त्रीला पुढच्या वेळी १२ आठवडेच. फ्रान्समध्ये नेमके उलटे! तिथे पहिल्या दोन बाळंतपणांना १६ आठवडे, तिसऱ्याला २६. एका सरकारला मुले कमी हवीत, दुसऱ्याला जास्त. आईला किती विश्रांती हवी, हा प्रश्न दोन्हीकडे मागेच पडतो.

फरक आहे तो रजेनंतर. फ्रान्समध्ये सार्वजनिक पाळणाघरे आहेत आणि तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आवश्यक ठरवली. आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभाही दिली. शिवाय हे लाभ नेमणुकीच्या वेळीच लेखी कळवण्याचे बंधन मालकावर घातले.

तेव्हा नोकरी स्वीकारताना पगाराबरोबरच पाळणाघराचीही चौकशी करायला संकोच कशाला? तो उपकार नव्हे, हक्क आहे. पाळणा हलवणारे हात कमावतेही राहायचे असतील, तर पाळण्याची सोय आधी हवी.