वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी (तानसा परिसर)

पेशी हा सजीवांच्या शरीराचा रचनात्मक व कार्यात्मक मूलघटक होय. वनस्पती व प्राणी या दोहोंच्या पेशी दृश्यकेंद्रकी असतात, म्हणजे त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्य पटलाने वेढलेल्या केंद्रकात असते. मात्र वनस्पतिपेशीला प्रद्रव्यपटलाच्या बाहेर एक ताठ भित्तिका असते. प्राणिपेशीला ती नसते. दोहोंच्या जीवनक्रमातील अनेक फरक, विशेषतः पाण्याशी असलेला त्यांचा व्यवहार, या एका भेदाशी निगडित आहेत. प्रस्तुत लेखात हा भेद ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या, मुख्यतः तानसा अभयारण्याच्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे मांडला आहे.

तानसा नदीवरील धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयातून मुंबईला पाणीपुरवठा होतो. जलाशयाभोवतीचे वन पानझडी असून त्यात साग, ऐन, पळस, मोह इत्यादी वृक्ष आढळतात. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेला काळ बहुतांशी कोरडा जातो. त्यामुळे येथील सजीवांच्या पेशींना एकाच वर्षात पाण्याचा अतिरेक आणि पाण्याचे दुर्भिक्ष या दोहोंना तोंड द्यावे लागते.

समान रचना

दोन्ही प्रकारच्या पेशींत प्रद्रव्यपटल, पेशीद्रव्य, केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल व तंतुकणिका ही अंगके असतात. केंद्रकातील डीएनएच्या आदेशानुसार रायबोसोमवर प्रथिने तयार होतात, तर तंतुकणिका अन्नातील ऊर्जा एटीपीच्या रूपात उपलब्ध करून देतात. हरितलवके असली तरी वनस्पतीलाही श्वसनासाठी तंतुकणिका लागतात. हरितलवक अन्न तयार करते आणि तंतुकणिका ते वापरते. विद्यार्थ्यांकडून या ठिकाणी पुष्कळदा गल्लत होते.

वनस्पतिपेशी

वनस्पतिपेशीची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजची असते. प्रौढ पेशीचा बराचसा भाग एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. परासरणाने पाणी आत शिरले की रिक्तिका फुगते व पेशीद्रव्य भित्तिकेवर दाबले जाते. या स्थितीस आशूनता म्हणतात. भित्तिका दाब सहन करीत असल्यामुळे पेशी फुटत नाही, उलट ताठ होते. कोवळ्या रोपाला लाकडाविना उभे राहता येते ते या दाबामुळे.

सागाच्या मोठ्या पानांतून बाष्पोत्सर्जनाने पुष्कळ पाणी बाहेर पडते. जमिनीतील ओलावा घटू लागला की एवढ्या पानांना पाणी पुरवणे वृक्षास परवडत नाही. तेव्हा देठाच्या तळाशी असलेल्या लहान पेशींच्या एका पट्ट्यात बदल सुरू होतो. ऑक्झिन या संप्रेरकाचा पानाकडून येणारा पुरवठा कमी होतो, इथिलीनचा प्रभाव वाढतो आणि पेशींना एकमेकींशी जोडणारा पेक्टिनयुक्त थर विकरांमुळे विरघळतो. पान गळून पडते. त्यामागे राहिलेल्या व्रणावर बुचासारख्या पेशींचा जलरोधक थर तयार होतो. रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेले कप्पे हे अशाच बुचाच्या मृत पेशींच्या रिकाम्या भित्तिका होत्या. पानगळ ही वृक्षाची निष्क्रिय अवस्था नव्हे. ती पेशींनी घडवून आणलेली क्रिया आहे.

सागाचे कोवळे पान तळहातावर चोळल्यास लाल रंग उतरतो. चोळल्यामुळे पेशी फुटतात व त्यांतील रंगद्रव्य बाहेर पडते. साध्या भिंगाशिवायही करता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

पावसाळ्यात याच परिसरातील भातखाचरांत उलट अडचण उद्भवते. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू फार कमी असतो. भाताच्या मुळांतील काही पेशी ठरावीक पद्धतीने मरतात व त्यांच्या जागी हवेच्या लांबट पोकळ्या निर्माण होतात. या पोकळ्यांतून पानांकडील हवा मुळांच्या टोकांपर्यंत पोहोचते. पेशींचा मृत्यू हाही येथे रचनेचाच भाग ठरतो. सागाच्या लाकडातील जलवाहिन्याही मृत पेशींच्याच बनलेल्या असतात. त्यांच्या लिग्निनयुक्त भित्तिका तेवढ्या मागे उरतात.

प्राणिपेशी

प्राणिपेशीला भित्तिका नसल्यामुळे ती आकार बदलू शकते, सरकू शकते व अरुंद जागेतून पार होऊ शकते. त्याची किंमतही तिला मोजावी लागते. शुद्ध पाण्यात ठेवलेली तांबडी रक्तपेशी फुगून फुटते आणि तीव्र मिठाच्या द्रावणात आक्रसते. म्हणून प्राण्याच्या शरीरात पेशींभोवतालच्या द्रवाची तीव्रता राखावी लागते. मनुष्यात हे कार्य प्रामुख्याने मूत्रपिंडे करतात.

रक्तपेशी सर्व प्राण्यांत सारख्या नसतात. दीर्घकाळ नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. सर्व पक्ष्यांप्रमाणे त्याच्या तांबड्या पेशी लंबगोल व केंद्रकयुक्त असतात. मनुष्याच्या प्रौढ तांबड्या पेशीत मात्र केंद्रक व तंतुकणिका नसतात. ती दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असून हिमोग्लोबिनने भरलेली असते व सुमारे १२० दिवस टिकते. केंद्रक नसल्याने ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही.

सिकलसेल विकार

पेशीचा आकार व कार्य यांचा संबंध या विकारात स्पष्ट दिसतो. तो आनुवंशिक असून संसर्गजन्य नाही. महाराष्ट्रात तो विदर्भ व खानदेशाबरोबरच ठाणे व पालघर जिल्ह्यांतील आदिवासी समाजांतही आढळतो. बीटा ग्लोबिन प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यानंतर लांब तंतूंच्या रूपात एकत्र येते. पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते व केशवाहिन्यांत अडकते. परिणामी तीव्र वेदना होतात व अवयवांना इजा पोहोचते. अशा पेशी साधारणतः १० ते २० दिवसांतच नष्ट होत असल्याने रक्तक्षय जडतो.

पेशीतील पाणी घटले की हिमोग्लोबिनची तीव्रता वाढते व तंतू लवकर तयार होतात. म्हणून उन्हाळ्यात वीटभट्टीवर किंवा शेतावर दिवसभर राबणाऱ्या रुग्णासाठी वेळच्या वेळी पाणी पिणे हा उपचाराचाच भाग आहे. ज्या ऋतूत साग पाने टाकून पाणी वाचवतो, त्याच ऋतूत भित्तिका नसलेल्या या पेशीला बाहेरूनच पाणी मिळावे लागते.

सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आल्यास व्यक्ती वाहक असते. वाहकास बहुधा त्रास होत नाही आणि तीव्र स्वरूपाच्या फॅल्सिपेरम हिवतापापासून त्याला काही अंशी संरक्षण मिळते. हिवतापग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहण्याचे हेच कारण मानले जाते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता २५ टक्के व वाहक असण्याची ५० टक्के असते. प्राथमिक तपासणी विद्राव्यता चाचणीने होते. ती वाहक व रुग्ण यांत भेद करीत नसल्याने निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तंत्राने निश्चित करावे लागते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते व त्यामुळे वेदनेचे झटके कमी होतात. भारत सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून त्यात तपासणीबरोबरच विवाहपूर्व समुपदेशनावर भर आहे.