ओटीपोटात दुखतंय: सोनोग्राफी, सीटी स्कॅन की एमआरआय?

पोटाच्या खालच्या भागात अचानक दुखू लागलं की हातात पहिली चिठ्ठी बहुधा सोनोग्राफीची पडते. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे निर्धास्त. पण ही निर्धास्ती कधीकधी घाईची ठरते.

सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नाहीत. आतड्यांत गॅस असेल, पोटावर चरबी जास्त असेल किंवा अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेलं असेल, तर ते दिसतच नाही. रिपोर्टमध्ये ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं लिहिलेलं असतं आणि आपण ते ‘अपेंडिक्स चांगलं आहे’ असं वाचतो. या दोन्हींत फार फरक आहे. उजवीकडे खाली दुखणं, ताप, उलट्या चालूच असतील, तर बहुतेक प्रौढांमध्ये सीटी स्कॅन जास्त भरवशाचा. डावीकडे खाली दुखत असेल, विशेषतः वयस्कर माणसाला, तेव्हाही बहुधा सीटीच. मुतखड्यासाठी तर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता, कमी किरणांचा सीटी पुरतो.

मग सगळ्यांचा थेट सीटीच का नको? कारण क्ष-किरण. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट डोस मिळतो. निसर्गातून वर्षभरात मिळतो सरासरी २.४. गरज असेल तिथे हा धोका पत्करण्याजोगा आहे, पण ‘एकदा करूनच टाकू’ म्हणण्याची ही तपासणी नाही.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला दुखत असेल, तर कुठल्याही मशीनआधी लघवीची साधी प्रेग्नन्सी टेस्ट. पाळी चुकलेली नसली तरी गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. नंतर सोनोग्राफी. नळीतला गर्भ किंवा अंडाशयाला पडलेला पीळ शोधायला ती योनीमार्गातून केलेली जास्त उपयोगी. संकोचापोटी अनेकजणी नको म्हणतात. गरोदरपणात सोनोग्राफीने उलगडा झाला नाही, तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय. (केंद्रावर गरोदर स्त्रीकडून भरून घेतला जाणारा ‘फॉर्म एफ’ गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यासाठी असतो, आजारासाठी नव्हे.)

तरुण मुलगा ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, तेव्हा कधी वृषणाला पीळ पडलेला असतो. लाजेने तो सांगत नाही. वृषण वाचवायला साधारण सहा तासच हाताशी असतात. निदान स्पष्ट असेल तर सर्जन स्कॅनसाठीही थांबत नाहीत.

पोट लाकडासारखं कडक झालं, चक्कर येऊन घाम फुटला, तर स्कॅन सेंटर शोधत फिरू नका. थेट ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.