शर्ली कार्ड आणि सावळे चेहरे

परवा ओळखीच्यांकडे जुना लग्नाचा अल्बम पाहिला. शालूची जर लखलखीत, नवरीचा सावळा चेहरा मात्र काळपट. नाकडोळेही दिसेनात.

याचं एक मूळ अमेरिकेत आहे. १९५०च्या दशकापासून कोडॅक ही फिल्म कंपनी फोटो लॅबवाल्यांना रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ द्यायची. त्यावर गोरी मॉडेल. पहिलीचं नाव शर्ली पेज. तिचा रंग नीट उतरला की प्रिंट पास!

चीड याची येते की फिल्ममधल्या तपकिरी छटा सुधारायला जोर आला तो चॉकलेट आणि फर्निचरवाल्यांच्या तक्रारींमुळे. कार्डावर इतर वर्णांच्या स्त्रिया आल्या थेट १९९०च्या दशकात.

सावळा चेहरा टिपताना स्पॉट मीटरिंग (छोट्याशा भागावरून प्रकाश मोजणं) चेहऱ्यावरच करा, भरजरी कपड्यांवर नको. आणि एडिटिंगमध्ये कुणाला ‘उजळ’ करू नका, प्लीज.

मीटरिंगबद्दल काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.