कान लावून वाचणारे सभासद

सकाळी ७.१५
आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, 'अ' वर्गाचं. वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेचार ते आठ. मी ग्रंथपाल, थोडी आधी येते ती वाट मोकळी करायला. आदल्या रात्री पेपर वाचणाऱ्या मंडळींनी बाकडं दाराच्या तोंडाशी ओढलेलं असतं, कुणाची तरी सायकल पायरीला टेकलेली असते. डोळस माणूस वळसा घालून जातो, पांढऱ्या काठीवाला धडपडतो. पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारून घेतला आहे. ज्याला अजिबात दिसत नाही त्याला त्याचा उपयोग नाही, पण अंधुक दिसणाऱ्याला पायरी कुठे संपते ते कळतं. न दिसणाऱ्यांसाठी चाललेल्या या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त पडलं ते हेच काम.

८.००
पहिले येतात ते गुरुजी. काचबिंदूने नजर गेली ती निवृत्तीनंतर. "मी अंध नाही गं, मला दिसत नाही इतकंच," असं म्हणतात, आणि मीही वाद घालत नाही. खिशातून मेमरी कार्ड काढून देवघेवीच्या टेबलावर ठेवतात. कालची कादंबरी ऐकून संपली, नवी भरून हवी.

आपल्या अंध वाचकांमध्ये सर्वांत मोठा गट गुरुजींसारख्यांचा असतो. आयुष्यभर डोळ्यांनी वाचलं आणि म्हातारपणी मधुमेहाने, काचबिंदूने ते बंद पडलं. ते अपंगत्वाचा दाखला काढत नाहीत, कुठल्या संस्थेत नाव नोंदवत नाहीत. वर्गणी थकली की आपण नाव कमी करतो आणि 'हल्ली येत नाहीत' म्हणून मोकळे होतो. मी थकबाकीदारांची यादी हातात घेतली की वसुलीआधी एक फोन करते : काका, डोळ्यांचं काही आहे का?

त्यांना ब्रेल येत नाही आणि या वयात बहुतेकांना जमतही नाही. मधुमेहात बोटांची संवेदनाच कमी होते. अंध वाचक म्हटलं की देणगीदार लगेच ब्रेल पुस्तकं देऊ करतात, म्हणून हे सांगावं लागतं. ब्रेल नको असं मात्र मुळीच नाही. अंधशाळेतली मुलं येतात तेव्हा ब्रेलचं कपाट उघडल्यावर जो गलका होतो तो ऐकावा. शुद्धलेखन कानाने येत नाही, ते बोटाखालीच यावं लागतं. स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाचे जुने अंकही मुलं बोटांनी झिजवतात. छापील एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये दोन-तीन जाड खंड होतात. ते उभे आणि सैल ठेवायचे, एकावर एक रचले की ठिपके बसतात. टपालाने मागवलं तर अंधांसाठीच्या साहित्याला तिकीट लागत नाही, हे पोस्टातल्या नव्या कारकुनाला दरवेळी नव्याने समजावावं लागतं.

१०.००
अभ्यासिकेत एक मुलगा राज्यसेवेची तयारी करतो. कानात इअरफोन, समोर बंद पडद्याचा लॅपटॉप. त्यावर एनव्हीडीए आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते २००६ मध्ये सुरू केलं आणि फुकट ठेवलं. मुलगा ते इतक्या वेगाने लावतो की आपल्याला नुसती टिकटिक ऐकू येते.

आज तो वैतागला आहे. "मॅडम, या तक्त्यात जिल्ह्याचं नाव एका ओळीत आणि पाऊस दुसऱ्याच जिल्ह्याचा." दोन रकान्यांचं पान स्कॅन केलं की यंत्र आडवं वाचत सुटतं. तक्ता हाताने सरळ करून देण्याला पर्याय नाही.

११.०० ते ३.००
दार बंद झालं की खरं काम सुरू. पुस्तक स्कॅनरवर उघडं दाबायचं, बांधणी न फाटेल इतपत. मग ओसीआरमधून, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मजकूर काढायचा आणि मूळ पान शेजारी ठेवून तपासायचा. इंग्रजीत हे जेवढं सोपं झालं आहे तेवढं देवनागरीत नाही, विशेषतः जुन्या खिळ्यांच्या छपाईत. 'ख'चा 'रव' होतो, 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी बसतात, अनुस्वार उडतात. 'दुसऱ्या'मधला अर्धा र तर हमखास तुटतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव मधल्या वाक्यात घुसतं. नायिका दार उघडते आणि आवाज मध्येच प्रकरणाचं शीर्षक सांगतो. डोळ्यांनी वाचताना आपण अशी अडगळ नकळत ओलांडतो, कानाला ती सोय नाही.

हे कायदेशीर आहे का, असं कार्यकारिणीत अजूनही विचारलं जातं. आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत करायला कलम ५२ परवानगी देतं, आणि तसं करू शकणाऱ्या संस्थांमध्ये शासनमान्य ग्रंथालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. अट अशी की नफा घ्यायचा नाही, फक्त प्रत करण्याचा खर्च घ्यावा. आणि ती प्रत दिव्यांग वाचकांकडेच जाईल, बाजारात शिरणार नाही, याची काळजी घ्यायची. याच विषयावर जून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. म्हणजे कागदावर आपण पुढे आहोत. अडतंय ते तपासणाऱ्या आणि वाचून देणाऱ्या माणसांपाशी.

३.००
माणसं म्हणजे उदाहरणार्थ मावशी. बँकेतून निवृत्त झाल्या, आता पुस्तकं ध्वनिमुद्रित करतात. पंखा बंद, खिडकी बंद, उन्हाळ्यात हे सोपं नाही. नियम थोडे आहेत : पान क्रमांक सांगायचा, तळटीप गाळायची नाही, फोटो असेल तर त्याची ओळ वाचायची, आणि अभिनय करायचा नाही. शेवटचा नियम पाळणं त्यांना जड जातं. "अहो, इथे रडू येतं त्याला मी काय करू?" गुरुजी मात्र मावशींचाच आवाज मागतात. संगणकाच्या आवाजाला 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च यांतला फरक नीट जमत नाही.

५.००
फोनची वेळ. सुगम्य पुस्तकालय ही २०१६ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी. दाखला असलेल्यांचं सभासदत्व तिथे भरून देते. मराठी पुस्तकं तिथे आहेत, हवं तेच मिळेल याची मात्र खात्री नसते. आज एका बाईंना मोबाइलचा पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक शिकवलं : एकदा स्पर्श केला की नाव ऐकू येतं, दोनदा केला की उघडतं. त्यांनी पहिल्यांदा काय उघडलं, तर पाककृती.

६.३०
कार्यकारिणीची बैठक. मागच्या बाजूला स्वतंत्र अंध कक्ष बांधावा, कोनशिलेला आमदार येतील, असा प्रस्ताव. मी विरोध केला. गुरुजींना मागच्या खोलीत बसायचं नाही, त्यांना पेपरच्या टेबलावर भांडायचं आहे. त्या पैशात एक अर्धवेळ मुद्रितशोधक नेमा, एवढं बोलून बसले. निर्णय पुढच्या सभेवर गेला. १५ ऑक्टोबरचा कार्यक्रम तेवढा मंजूर झाला : तोच वाचन प्रेरणा दिन आणि तोच जागतिक पांढरी काठी दिन, पण आजवर आपण दोन्हींचे फलक वेगवेगळ्या भिंतींवर लावत आलो.

८.००
कुलूप लावण्याआधी एका प्रकाशकांना पुन्हा ईमेल केली. सगळ्याच प्रकाशकांना आणि लेखकांना सांगायचं आहे ते असं. आम्ही आठवडेच्या आठवडे घालवून स्कॅनमधून जो मजकूर ओढून काढतो, तो तुमच्या संगणकावर आधीपासून शुद्ध पडलेला असतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असला तरी चालेल, युनिकोडमध्ये आम्ही बदलून घेऊ. पीडीएफ नको, मजकुराची फाइल हवी. पुस्तक छापायला जाईल त्या दिवशी ती एका शासनमान्य वाचनालयाला लेखी अटींसह द्या.