जप्तीपासून उपचारापर्यंत : लेखांक ५

अमली पदार्थांच्या धंद्यातून कमावलेली मालमत्ता सरकारजमा करावी आणि तिच्या विक्रीतून व्यसनाधीनांवर उपचार व्हावेत, अशी तरतूद भारतात १९८९ पासून आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात त्या वर्षी कलम ७-अ आले आणि मादक द्रव्यांच्या गैरवापरावर नियंत्रण ठेवण्यासाठी राष्ट्रीय निधी उभारण्याची सोय झाली. संसदेने दिलेली रक्कम, देणग्या आणि गुंतवणुकीचे उत्पन्नही त्यात जमा होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. पकडलेल्या मालाची किंमत सुमारे ३०० कोटी रुपये सांगितली गेली. असा आकडा ऐकून सरकारला मोठे घबाड मिळाल्यासारखे वाटते, पण तो समज चुकीचा आहे. पकडलेला असा माल नमुने व पंचनामा झाल्यावर नष्टच केला जातो, त्यातून निधीत एक रुपयाही येत नाही. येतो तो धंद्याच्या पैशातून घेतलेल्या घराचा, जमिनीचा, सोन्याचा, ठेवींचा पैसा.

तोही सहज येत नाही. तपास अधिकाऱ्याने मालमत्ता गोठवली, की ३० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने त्या आदेशावर शिक्कामोर्तब करावे लागते. सातबाऱ्यावर बायकोचे किंवा मेहुण्याचे नाव असले तरी सुटका नाही, कारण नातेवाईक आणि साथीदारही कायद्याच्या कक्षेत येतात. मालमत्ता वैध कमाईची आहे हे त्यांनीच सिद्ध करायचे असते. मात्र अटकेच्या सहा वर्षांपूर्वी घेतलेली मालमत्ता सरकारजमा करता येत नाही. पुढे अपील असते, आणि मग विक्री.

खर्चाची उद्दिष्टे कायद्यातच आहेत : तस्करीला आळा, जनजागृती, व्यसनाधीनांचा शोध, उपचार, पुनर्वसन. वैद्यकीय गरज असेल तिथे व्यसनाधीनाला औषध पुरवण्याचाही उल्लेख आहे. गर्दच्या रुग्णाला ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी का द्यावी लागते, हे ज्याने त्याची तडफड पाहिली त्याला वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात अफूजन्य पदार्थ वापरणारे सुमारे २ कोटी २६ लाख लोक आढळले.

पैसे मंजूर करण्यासाठी केंद्र सरकार नियामक मंडळ नेमते. अध्यक्ष अतिरिक्त सचिवापेक्षा कमी दर्जाचा नसावा आणि इतर सदस्य सहापर्यंत असावेत, असे बंधन आहे. निधीतून झालेल्या कामांचा वार्षिक अहवाल हिशेबासह राजपत्रात छापावा लागतो. जिल्ह्याचा ठरावीक वाटा मात्र कलमात कुठेच नाही. नाशिकच्या हद्दीत पकडलेल्या टोळीची मालमत्ता विकली गेली, तरी तिचा पैसा नाशिकलाच परत येईल असे नाही. या कायद्यातली सगळ्यात खटकणारी उणीव हीच आहे.

अमेरिकेत, जप्तीच्या नव्हे तर नुकसानभरपाईच्या पैशाबाबत, असा वाटा आधी ठरला. अफूजन्य वेदनाशामकांच्या प्रसाराबद्दल जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन बड्या औषध वितरकांनी २०२२ मध्ये २६ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड पक्की केली. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतला बराच पैसा राज्यांच्या सर्वसाधारण खर्चात विरला होता. म्हणून या वेळी किमान ८५ टक्के रक्कम व्यसनाचे दुष्परिणाम निवारण्यावरच खर्च करण्याची अट घातली गेली. नॉर्थ कॅरोलिनाने करारान्वये ८५ टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवली आणि त्यांना वार्षिक हिशेब बंधनकारक केला.

महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्ती केंद्रांना केंद्राचे अनुदान मिळते ते प्रामुख्याने सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून. जप्तीच्या निधीचा आणि त्या अनुदानाचा हिशेब वेगवेगळा राहतो.