ख्रिस्ती धर्माच्या उगमाची ऐतिहासिक मीमांसा

दैवी हस्तक्षेप गृहीत न धरता, केवळ मानवी व सामाजिक कारणांच्या आधारे ख्रिस्ती धर्माच्या उदयाची संगती लावण्याचा प्रयत्न. रोमन प्रांताधिकारी पाँतियस पायलट (कार. इ. स. २६–३६) याच्या आज्ञेने क्रूसावर मारला गेलेला येशू अल्पावधीतच अनुयायांना ‘प्रभू’ म्हणून पूज्य कसा झाला, हा ह्या मीमांसेचा मध्यवर्ती प्रश्न होय. त्याच शतकात थ्यूडससारखे अन्य ज्यू नेतेही मारले गेले. त्यांच्या चळवळी मात्र त्यांच्याबरोबरच संपल्या.

ह्या विषयाच्या साधनांत पॉलची पत्रे (सु. ५०–६०) सर्वांत जुनी असून मार्कचे शुभवर्तमान सु. ७० मधील मानले जाते. येशूच्या देहदंडाचा उल्लेख रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही केला आहे.

शिष्यांनी येशूचे शव पळविले व पुनरुत्थानाची कथा रचली, असे मत जर्मन विचारवंत रायमारुस (१६९४–१७६८) याने मांडले. त्याचे लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले. डाव्हिट श्ट्राउस याने १८३५ मध्ये ही उपपत्ती त्याज्य ठरविली. त्याच्या मते चमत्कारकथा ही लबाडी नव्हे. ज्यूंच्या मसीहाविषयक अपेक्षांतून समूहमनात नकळत घडलेली ती पुराणकथा होय. अ‍ॅल्बर्ट श्वाइट्सर याने १९०६ मध्ये येशूला जगाचा अंत समीप मानणाऱ्या ज्यू प्रेषिताच्या रूपात उभे केले.

अपेक्षाभंगानंतर श्रद्धा कधीकधी अधिक दृढ होते व प्रचाराचा उत्साह वाढतो, असा निष्कर्ष लीअन फेस्टिंगर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये एका अमेरिकन पंथाच्या अभ्यासातून काढला. जॉन गेजर याने १९७५ मध्ये तो आद्य ख्रिस्ती समाजाला लावला. तथापि अन्य मसीहांच्या अनुयायांचा अपेक्षाभंग त्यांना एकत्र का ठेवू शकला नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय पॉल हा निराश शिष्य नव्हता. तो ह्या पंथाचा छळ करणारा होता.

प्रसाराची कारणे तुलनेने स्पष्ट आहेत. सुंतेची अट न घालता बिगर-ज्यूंना प्रवेश देण्याचे पॉलचे धोरण, नगरोनगरी विखुरलेली ज्यू सभास्थाने, ग्रीक भाषा व रोमन दळणवळण यांमुळे हा पंथ पॅलेस्टाइनबाहेर पसरला. एडवर्ड गिबन याने १७७६ मध्ये अनुयायांचा धर्मोत्साह, नीतिमत्ता व संघटना ह्या कारणांवर भर दिला होता. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क याने १९९६ मध्ये दाखविले की, इ. स. ४० मध्ये १,००० अनुयायी गृहीत धरल्यास दर दशकास ४० टक्के वाढीने ३५० मध्ये ही संख्या सुमारे ३.४ कोटी होते. म्हणजे एवढ्या वाढीस सामूहिक धर्मांतराचा चमत्कार आवश्यक ठरत नाही. साथीच्या रोगांतील रुग्णसेवेलाही त्याने महत्त्व दिले.

ह्या मीमांसेला एक मर्यादा आहे. येशू पुन्हा दिसला अशी शिष्यांची खात्री होती, हे इतिहासकाराला सांगता येते. त्या दर्शनामागे निसर्गापलीकडचे काही होते किंवा नाही, याचा निर्णय त्याच्या साधनांनी होत नाही. श्रद्धेची कारणे उलगडली, तरी तेवढ्याने ती खरी वा खोटी ठरत नाही.